शरारतसाठी घोडा

वाटूरच्या धम्मपाल दफेदाराला घोड्यातलं कळत नव्हतं असं कुणी म्हणालं, तर त्याच्या तोंडी लागू नका. फौजेच्या घोडदळात उभी हयात काढलेला माणूस. घोडा नुसता चार पावलं चालला तरी कुठल्या पायात काय दुखतंय ते सांगायचा. त्याला सगळं कळत होतं, आणि म्हणूनच त्यानं जे केलं त्याचा राग येतो. न कळणारा चुकला तर दोन शब्द सुनावून आपण मोकळे होतो. कळणाऱ्याला काय सुनावायचं, कपाळ?

पेन्शन घेऊन गावी आल्यावर लोक प्लॉट घेतात, ट्रॅक्टर घेतात. ह्यानं पुण्याच्या एका रायडिंग क्लबानं काढून टाकलेली घोडी आणली. नाव शरारत. वाटूर फाट्यावर ती टेम्पोतून उतरली तेव्हा बघ्यांची ही गर्दी. "दफेदार, वरातीचा धंदा टाकता का काय?" असं ज्यानं त्यानं विचारून घेतलं. दफेदाराचं नाक मुळातच वर. तो म्हणाला, "ही नाचायची न्हाई. ही उडायची हाये." आणि खरंच, पडीक वावरात रिकामी पिंपं मांडून, त्यावर आडवे बांबू टाकून त्यानं जे मैदान केलं, तिथं ती घोडी अशी उडायची की शाळेतली पोरं तास बुडवून बघायला यायची. पाठीवर दफेदाराची एकुलती एक पोरगी, दीपमाला.

पोरगी बारावीला गेली तोवर तिनं शो जंपिंगच्या राज्याच्या स्पर्धेत नंबर काढला होता. शाल मिळाली, फाट्यावर फ्लेक्स लागला, आमदाराच्या फोटोखाली हिचाही बारका फोटो आला. पण घोडी म्हातारी झाली. उडी मारून उतरली की पुढचा डावा पाय सुजायचा, आणि पोरगी त्यावर ओली पट्टी बांधत बसायची. पुढच्या स्पर्धांना दुसरा घोडा पाहिजे होता. उडीचा तयार घोडा विकत घेणं म्हणजे घरदार विकण्याची गोष्ट. मग एकच रस्ता उरला: शरारतच्या पोटचं शिंगरू घ्यायचं आणि ते आपल्या हातानं घडवायचं. परतूरच्या जनावरांच्या डॉक्टरनं घोडी तपासली आणि स्पष्ट सांगितलं, "वय झालंय. एक होईल. दुसऱ्याची आशा धरू नका."

एकच शिंगरू. म्हणजे घोडा निवडायचा तोही एकदाच. चुकला की पोरीचं उडणं संपलं. हे बापलेकीला दोघांनाही बराबर माहीत होतं.

दफेदारानं पोरीकडून लहानपणापासून एक गोष्ट घोकून घेतली होती. घोडीला घोडा दाखवताना रंग बघायचा नाही, रुबाब बघायचा नाही, लोक अंगावरचे भोवरे मोजतात ते मोजायचे नाहीत. घोडीत जे कमी आहे ते घोड्यात भरपूर आहे का, तेवढं बघायचं. शरारतची पाठ लांब, पुठ्ठे हलके, डोकं तापट. तेव्हा घोडा पाहिजे आखूड पाठीचा, मागून दणकट आणि थंड डोक्याचा. आसपासच्या मुलखात असा घोडा एकच होता, आणि तो होता वडीगोद्रीच्या भुजंगरावांच्या तबेल्यात. झाली का पंचाईत?

पंचाईत अशी, की दफेदाराचा बाप भिवा, आणि त्या भिवाचाही बाप, दोघं त्याच घरी मोतद्दार होते. मोतद्दार म्हणजे लीद काढणारा, खरारा करणारा, घोड्याच्या पुढं पळणारा. धर्मांतर झालं, घरातले देव गेले, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आला, पण भिवाच्या हातातला खरारा काही सुटला नाही. भुजंगरावांच्या वडलांचे घोडे संपले तेव्हाच तो सुटला, आणि म्हातारा सासुरवाडीला, वाटूरला येऊन राहिला. धम्मपाल फौजेत गेला तो ह्याच रागानं. घोडा पाहिजे, पण ह्यांचा नको. फौजेत घोडा सरकारचा होता, दाणा सरकारचा होता, आणि सलाम ठोकायचा तो हुद्द्याला. तिथं त्याला छान वाटलं.

तरी पोरीनं लकडा लावला म्हणून वडीगोद्रीला गेला. मोसंबीच्या बागेमागं तबेला. भुजंगरावांनी काही कमी केलं नाही. पासष्टीचा माणूस स्वतः उठून पुढं आला, आपणहून "जय भीम, दफेदार" म्हणाला, शेजारी खुर्ची दिली, सोबत चहा घेतला. खोट काढावी तर जागा सापडेना, आणि त्यामुळंच दफेदार आणखी चिडून बसला.

सिकंदरला बाहेर काढलं. तांबूस अंग, काळी आयाळ. शर्यतीत पाय दुखावला म्हणून स्वस्तात आलेला. दिसायला असातसाच, डोकं जड, एक कान फाटका. वरातीवाला त्याच्याकडं ढुंकून बघणार नाही. दीपमाला मात्र थेट त्याच्या मागच्या पायांकडं गेली. पुठ्ठ्यावरून हात फिरवला, सांधे चाचपले, पाय उचलून पाहिला. घोड्यानं शेपटीसुद्धा हलवली नाही. मग त्याला मोकळा सोडला, तर वाटेतला पाण्याचा पाट त्यानं चालता चालता ओलांडला आणि पलीकडं तोंड खाली घालून चरायला लागला.

"पप्पा, हाच," पोरगी हळूच म्हणाली.

दफेदारानं मान हलवली. खोटं कसं बोलणार? हाच होता.

आणि मग भुजंगराव बोलले. चांगल्या मनानंच बोलले, हे आधी सांगायला पाहिजे.

"खर्चा-बिर्चा काही घ्यायचा न्हाई मी तुमच्याकून. घरचंच हाये हे. आमच्या आबांचा घोडा भिवाबिगर कुणाला जवळ येऊ देत नव्हता. तुमचं रक्तच घोड्यातलं. शिंगरू तुम्ही सांभाळा, पोरीला बसू द्या. फकस्त नाव आमच्या घोड्याचं लागंल, ती तर रीतच हाये."

रीत अशी, की आपल्याकडं घोड्यांच्या बाजारात शिंगराला त्याचं नाव कुणी विचारत नाही. विचारतात, कुणाच्या घोड्याचं? माळेगावला जा नाहीतर सारंगखेड्याला, पुकारा त्याच नावानं होतो. घोडीवाला बिचारा दाणा घालतो, लीद काढतो, आजारपणं काढतो, आणि नाव घोडेवाल्याचं होतं. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. दफेदारालाही कधी वाटलं नव्हतं. पण त्या खुर्चीत बसून, त्या माणसाच्या तोंडून, बापाच्या नावापाठोपाठ ऐकलं तेव्हा त्याला तोंडात मारल्यासारखं झालं.

"बघतो," एवढंच म्हणून तो उठला.

हायवेच्या कडेच्या हॉटेलात दोघं एसटीची वाट बघत बसले. पोरीनं भजी मागवली. बापानं हात लावला नाही.

"पप्पा, बघायचं काय राह्यलं आता?"

"दुसरा बघू."

"दुसरा हाये कुठं? आखूड पाठ, दणकट पुठ्ठे, थंड डोकं. तुम्हीच शिकवलं ना?"

"त्या घरचं नाव माझ्या दारात नको मला."

"उडी काय नाव मारणार हाये का?"

"तुला न्हाई कळायचं ते."

"आज्यानं लीद काढली ते माहितीये मला. तुम्हाला त्याचा राग हाये, तो पण कळतोय. पण पप्पा, मी उडायचं कशावर? तुमच्या रागावर?"

दफेदाराला वर्मी लागलं. असं काही तो पोरीकडून ऐकून घेत नसे, पण बोलणं बरोबर होतं, तेव्हा ओरडणार तरी कसा. शेवटी एसटी दिसल्यावर म्हणाला, "परीक्षा होऊ दे तुझी. मंग दोघं मिळून ठरवू." तेव्हाच त्याचं ठरलं होतं. पोरीला त्यानं सरळसरळ फसवलं.

अंबडला राजानंद नावाचा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. बँड आणि वरातीच्या घोड्यांचा धंदा. त्याचा हंसराज नुकरा होता, म्हणजे दुधासारखा पांढरा, गुलाबी नाकाचा, कानांची टोकं एकमेकांना लागलेली. पैठणपासून मंठ्यापर्यंत नवरदेव त्याच्या तारखा बघून लग्न धरायचे. दफेदारानं मनातली गोष्ट सांगितली तेव्हा राजानंदनं आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

"दफेदार, तोंडावर सांगतो. माझा घोडा नाचतो. ढोल वाजला की गुडघे छातीला लावतो. पण वाटेत पाण्याचा पाइप आडवा आला तर वळसा घालून जातो. तुला उडीचं शिंगरू पायजे, मंग इथं काय करून राह्यलास?"

"उडी आईकून येईल."

"एकट्या आईकून?"

"घोडा आपल्या माणसाचा पायजे, राजा."

"मी तुझा माणूस हाये, बिलकुल हाये. पण लग्न घोडीचं घोड्याशी लावायचंय, माझ्याशी न्हाई. त्याला काय कळतंय तू कोण न् मी कोण?"

इतकं स्वच्छ कुणी सांगेल का? दोस्त होता म्हणून सांगितलं. पण दफेदार हट्टाला पेटला होता. घोडा सोडून तो घोड्याच्या धन्याची पारख करत बसला होता, आणि आयुष्यभर इतरांना ह्याच चुकीबद्दल हसत आलेला माणूस तो.

दीपमाला पेपरासाठी जालन्याला, मावशीकडं राहिली होती. घोडी माजावर आली, दफेदारानं टेम्पो सांगितला, अंबडला नेऊन आणली. पोरगी घरी आली तेव्हा शरारतच्या पायांना प्रवासाच्या पट्ट्या तशाच होत्या.

"कुठं नेल्ती?"

"अंबडला."

पोरगी घोडीपाशी खाली बसली. पट्ट्या सोडल्या, घडी करून ठेवल्या, आत जाऊन जेवली. दफेदाराची बायको विशाखा मात्र गप्प बसणारी नव्हती. "पोरीला एका शब्दानं तरी विचारायचं होतं," ती म्हणाली.

"घोडी माझी हाये," दफेदार म्हणाला.

ऐकलं? ज्या घरचं नाव नको म्हणून एवढा आटापिटा, त्या घरची भाषा ह्याच्या तोंडात येऊन बसली होती आणि ह्याला पत्ता नव्हता. विशाखाला होता. ती भांडी घासायला गेली.

पुढच्या वर्षी शरारत व्याली. शिंगरू झालं पांढरंशुभ्र. गाव लोटलं बघायला. बाया त्याच्या गुलाबी तोंडाला हात लावून बोटं मोडायच्या, पोरं सेल्फी काढायची. दफेदारानं त्याचं नाव ठेवलं स्वाभिमान. दीपमाला ते ऐकून हसली. ते हसणं चांगलं नव्हतं.

पण पोरीला शाबासकी ह्यासाठी, की तिनं त्या जनावरावर राग काढला नाही. दाणा, पाणी, मालिश, सगळं मनापासून केलं. मधल्या काळात शरारत पोटदुखीनं गेली, तेव्हा पोरीनं दोन दिवस अन्न घेतलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याच शिंगराला घेऊन वावरात उभी राहिली. कोण जाणे, उडेलही, अशी तिलाही आशा होती. मनाला काय, ते आशा करतंच.

तो वयात आल्यावर तिनं जमिनीवर बांबू ठेवले. स्वाभिमाननं पाय असे उचलले की बघणाऱ्यानं टाळ्या वाजवाव्यात. बांबू वीतभर वर केला, तर पलीकडं पाऊल टाकून गेला. गुडघ्याएवढा केला आणि तो थांबला. भ्याला नाही, बिथरला नाही. उभा राहिला, बांबूकडं पाहिलं, मान वळवली आणि नाचत नाचत बाजूनं निघून गेला. पोरीनं परत आणला, परत तेच. आठवडे गेले, महिने गेले. गूळ देऊन झाला, दुसऱ्याचा घोडा मागून आणून त्यामागं पळवून झालं. पाठ आईची लांब, पुठ्ठे आईचे हलके, आणि बापाकडून आलं ते नाचणं. जे कमी होतं ते कमीच राहिलं.

"तू मनापासून घेत न्हाईस," दफेदार एके दिवशी म्हणाला.

पोरीनं लगाम त्याच्या हातात दिला. साठीला टेकलेला माणूस ताठ्यात वर चढला, घोडा बांबूवर घातला. घोडा थांबला. परत घातला. परत थांबला. तिसऱ्यांदा दफेदारानं चाबूक ओढला, एक, दोन, पुढं मोजलं नाही कुणी. पांढऱ्या कातडीवर लाल वळ उठले आणि घोडा बिचारा थरथरत मागच्या पायांवर उभा राहिला, वरातीत राहतात तसा. पोरगी पळत आली आणि तिनं बापाच्या हातातला चाबूक हिसकून घेतला.

"त्याला कशाला मारता? त्याचा बाप त्यानं निवडला होता का?"

दफेदार खाली उतरला. इतकी वर्षं जे गिळून ठेवलं होतं ते पोरीनं एका वाक्यात त्याच्या पुढ्यात टाकलं. तिच्याबरोबरीची पोरं-पोरी तोवर देशाच्या स्पर्धांना जाऊन आली होती. ही वाटूरच्या वावरात गुडघ्याएवढ्या बांबूपुढं उभी होती. आणि का, तर बापाला घोड्याचा धनी पसंत पडला नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी जेवताना तिनं सांगितलं, "सोमवारपासून मी वडीगोद्रीला जाणार. सिकंदरचा एक बछडा हाये भुजंगरावांकडं, रणजीत. त्यांना स्वार पायजे. राहायला खोली देतेत, पगार देतेत."

"माझ्या घरातून त्या घरी कुणी जाणार न्हाई."

"मंग मी आधी घरातून जाते," ती म्हणाली आणि ताट उचलून गेली. सोमवारी बॅग घेऊन एसटीत बसली. विशाखा फाट्यापर्यंत सोडायला गेली. दफेदार तबेल्यातच राहिला, स्वाभिमानच्या अंगाला खरारा करत, त्या घोड्याला बिलकुल गरज नसताना.

वर्ष गेलं. संभाजीनगरला मोठी स्पर्धा होती. दफेदार जाणार नव्हता, पण विशाखानं "तुम्ही नका येऊ, मी एकटी जाते" म्हटल्यावर शर्ट घालून निघाला. मैदानाच्या दोरीला धरून तो गर्दीत उभा राहिला. माईकवर पुकारा झाला, "रणजीत. सिकंदरचा बछडा, वडीगोद्रीचे भुजंगराव यांचा. स्वार, दीपमाला." दफेदाराच्या बापाचं नाव नाही, दफेदाराचं नाही, शरारतचं तर नाहीच.

घोडा आत आला आणि दफेदाराचे डोळे आधी त्याच्या पाठीवर गेले. आखूड पाठ. दणकट पुठ्ठे. थंड डोकं. पहिली उडी, दुसरी, मग दुहेरी दांडी, मग भिंत. पोरगी त्याच्या मानेवर अशी वाकायची की तिला काही करावंच लागत नव्हतं. एकही दांडी पडली नाही. लोक ओरडले, विशाखा रडायला लागली. आणि दफेदार, ज्याला घोड्यातलं सगळं कळत होतं, त्याला हेही कळलं की रणजीतची आई साधी, टांग्याच्या जातीची असणार. पुढून तो जरा अडखळत होता. शरारतच्या पोटी सिकंदरचं शिंगरू आलं असतं तर ते ह्याच्याहून हातभर वर उडालं असतं. असा घोडा पोरीच्या बुडाखाली असता, आणि संध्याकाळी वाटूरला आपल्या दारात बांधला असता.

जरा वेळानं तो घोडे बांधले होते तिकडं गेला. दीपमाला रणजीतचं अंग पुसत होती. बापाला पाहून ती थांबली आणि हसली. खरंखुरं हसली.

"पाय चांगले ठेवलेस त्याचे," दफेदार म्हणाला. कौतुक असंच करता यायचं त्याला.

"तुम्हीच शिकवलंय. स्वाभिमान कसाय?"

"बराय. राजानंद मागतोय त्याला, वरातीला."

"देऊन टाका, पप्पा. त्याला आवडतं नाचायला."

"दीपा," त्यानं धीर करून सुरुवात केली, "मी तवा..." आणि एवढ्यात पलीकडच्या मांडवातून भुजंगरावांचा आवाज आला. पाव्हण्यांच्या घोळक्यात खुर्चीवर बसले होते, खुशीत होते. "दीपमाला, आण गं त्याला इकडं. पाव्हण्यांना बघायचाय."

"आणते, मालक," ती म्हणाली.

दफेदाराचं वाक्य तोंडातच राहिलं.

"मालक म्हणतीस तू त्याला?"

"तबेल्यात समदेच म्हणतेत."

"आपण न्हाई म्हणत कुणाला."

तिनं घोड्याची दोरी सोडली, हातावर गुंडाळून घेतली. "घोडा त्यांचा हाये, पप्पा. आपला असता तर कशाला म्हणले असते?"

रागानं म्हणाली असती तर दफेदारानं दोन शब्द ऐकवले असते. पण तिच्या आवाजात राग नव्हता, आणि ती घोडा घेऊन मांडवाकडं निघूनही गेली होती.